चपलेवरून आलेला पाहुणा

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मांजरालाही बाहेरचे आजार होतात, कारण बाहेर आपण जातो ना. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आलीत की दातांवरचा ठरलेला विषय पुढच्या वेळी घेऊ. काही जण घाबरलेत, काही जणांना वाटलं मी उगाच घाबरवतेय. बघू एकेक.

प्रश्न: डॉक्टरताई, मी दर शनिवार-रविवार मांजरांच्या एका शेल्टरमध्ये मदतीला जाते, पिंजरे साफ करणं, खाऊपिऊ घालणं वगैरे. घरी साडेतीन वर्षांचा बोका आहे, त्याची व्हॅक्सिन्स अगदी वेळेवर झालीत. आता एक अडीच महिन्यांचं पिल्लू आणलंय, त्याला एकच डोस झालाय. मी निघताना हाताला भरपूर सॅनिटायझर चोळते आणि घरी आले की पिल्लू दारातच बसलेलं असतं म्हणून आधी त्याला उचलते. एवढी काळजी पुरते ना?
(बोक्याची आई)

उत्तर: नाही हो, पुरत नाही, आणि नेमकं जे पुरत नाही तेच सगळ्यात डेंजर आहे.

शेल्टरमधून घरी येऊ शकणाऱ्या आजारांत मी सगळ्यात जास्त कोणाला घाबरत असेन तर पॅनल्यूकोपेनियाला. पार्वो कुटुंबातला व्हायरस आहे, मांजराच्या आतड्यावर आणि बोन मॅरोवर हल्ला करतो, पांढऱ्या पेशी धडाधड खाली येतात, मग ताप, उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी जाणं, आणि लस न झालेलं लहान पिल्लू असेल तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. उपचार वेळेवर मिळाले तर काही वाचतात, पण बरीच जातातच. आता याची खोड अशी की हा व्हायरस भयंकर चिवट आहे. त्याच्याभोवती चरबीचं आवरण नसतं, आणि अल्कोहोल मुख्यतः ते आवरण फोडून काम करतं, त्यामुळे सॅनिटायझर याच्यावर जवळजवळ निरुपयोगी. साध्या घरच्या तापमानाला तो एखाद्या कोपऱ्यात एक वर्षापर्यंत जिवंत राहू शकतो. आजारी मांजराच्या विष्ठेचा डोळ्याला दिसणारही नाही एवढा अंश बुटाच्या तळाला लागला तरी तो घरापर्यंत आरामात येतो.

मग हातांचं काय करायचं, तर साबण आणि वाहतं पाणी. साबणानेही हा व्हायरस मरत नाही बरं का, पण तो हातावरून सुटून मोरीत वाहून जातो, आपल्याला तेवढंच हवंय. नखांखाली, अंगठीखाली, मनगटापर्यंत, घाई न करता. तिथे ग्लोव्ह्ज वापरत असाल तर एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जाताना बदला, नाहीतर ग्लोव्ह्ज म्हणजे नुसतं स्वतःचं समाधान.

पण खरं सांगू, हातांपेक्षा मला तुमच्या बुटांची काळजी जास्त वाटते. हात आपण धुतो, बूट कोण धुतं? शेल्टरसाठी एक जोड वेगळा ठेवा, रबरी किंवा प्लास्टिकचा, जो सरळ धुता येईल, आणि तो घरात आणूच नका, दाराबाहेर एखाद्या झाकणाच्या डब्यात राहू दे. कपडेही तिथले वेगळे, येताना पिशवीत बांधून आणा, घरी आल्यावर झटकत न बसता थेट मशिनमध्ये टाका. एक माणूस दार उघडायला असेल तर उत्तमच, म्हणजे पिल्लू दारात यायच्या आत दुसऱ्या खोलीत जाईल. तुम्ही हातपाय धुऊन कपडे बदलून या आणि मग काय लाड करायचेत ते करा.

आता लस. बोक्याची सगळी व्हॅक्सिन्स झालीत ना, मग त्याची काळजी सोडा. पॅनल्यूकोपेनियाची लस म्हणजे मांजरांच्या लसींमधली सगळ्यात भरवशाची लस आहे, नीट डोस झालेल्या मोठ्या मांजराला हा आजार क्वचितच होतो. प्रश्न पिल्लाचा आहे. पिल्लाला आईच्या दुधातून जी तयार प्रतिकारशक्ती मिळते तीच लसीचं काम हाणून पाडते, आणि ती नेमकी कोणत्या आठवड्यात संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, म्हणून आपण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी डोस देत १६ आठवड्यांपर्यंत किंवा थोडं पुढे जातो, आणि नंतर सहा महिने ते वर्षाच्या आत बूस्टर. लोकांना वाटतं दोन डोस म्हणजे झालं, पण शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आधीच दिला आणि आईची प्रतिकारशक्ती तेव्हाही शिल्लक असली तर सगळे डोस फुकट गेलेले असू शकतात. तुमचं पिल्लू आत्ता नेमकं त्या मधल्या फटीत आहे. माझं ऐकाल तर त्याचा १६ आठवड्यांचा डोस होऊन दोन आठवडे उलटेपर्यंत शेल्टरमध्ये आजारी मांजरांकडे आणि नव्याने आलेल्या मांजरांकडे जाऊच नका. हिशेब, फोन, फोटो काढणं, कामं काय कमी असतात का तिथे. आणि तिथे जर पॅनल्यूकोपेनियाची केस निघाली असेल तर मग तेवढे आठवडे पूर्ण सुट्टी घ्या, कोणी काही म्हणणार नाही.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने लिहितेय कारण मी स्वतः हे करून बसलेय. शिकत होते तेव्हा, दिवसभर वॉर्डात आजारी पिल्लांमध्ये आणि रात्री रूमवर माझं स्वतःचं एक पांढरं पिल्लू, त्याला माझ्या बुटांच्या लेस चघळायचा नाद. दुसरा डोस परीक्षेमुळे पुढे ढकलला होता. हात मी इतके धुवायचे की कातडी सोलायची, लेसचा विचार मनात आला नाही. पाच-सहा दिवसांत गेलं. आता माझ्याकडे लेसचे बूट नाहीतच.

प्रश्न: मी येता-जाता रस्त्यावरच्या मांजरांना हात लावते. मिस्टर म्हणतात की त्यांना एड्स आणि ल्यूकेमिया असतो आणि तो माझ्या कपड्यांवरून आपल्या मनीला होईल. खरंय का?
(मनीची मम्मी)

उत्तर: मिस्टरांना सांगा, निवांत राहा. ज्याला लोक मांजरांचा एड्स म्हणतात तो एफआयव्ही मुख्यतः चावण्यातून पसरतो, म्हणजे दोन बोके कडाकडा भांडले आणि दात खोलवर रुतले तर. ल्यूकेमियाचा व्हायरस लाळेतून जातो, एकमेकांना चाटणं, एकाच भांड्यात खाणं, असा बराच जवळचा सहवास लागतो. दोन्ही व्हायरस बाहेरच्या हवेत फार टिकत नाहीत, साध्या साबणाने मरतात, तुमच्या ओढणीवर बसून घरी यायची त्यांची ऐपत नाही. आणि माणसाला तर ते होतच नाहीत.

गंमत बघा, ज्या दोन आजारांना सगळे घाबरतात ते कपड्यांवरून येत नाहीत आणि जो येतो त्याचं नाव निम्म्या लोकांनी ऐकलेलं नसतं. रस्त्यावरच्या मांजराला हात लावलात तर घरी येऊन हात धुवा, नाक-डोळे गळणारं किंवा केस गेलेले चट्टे असलेलं मांजर दिसलं तर मांडीवर घेऊ नका. बाकी लाड चालू द्या.

प्रश्न: आमचं चार महिन्यांचं पिल्लू दोन महिन्यांपूर्वी पॅनल्यूकोने गेलं. घरात खूप सुनं वाटतं. मुलगी रोज विचारते नवीन पिल्लू कधी आणायचं. मी सगळं घर तीन-तीन वेळा फिनाईलने पुसून काढलंय, त्याचं अंथरूण टाकून दिलंय, पण सोफा आणि गालिचा आहे तसाच आहे. आता आणलं तर चालेल का?
(नाव छापू नये)

उत्तर: वाईट वाटलं वाचून. आधी एक सांगते, तुमचं काही चुकलं असं मनात घेऊ नका. हा व्हायरस कुठून आला हे बहुतेक वेळा कळतच नाही.

फिनाईलबद्दल मात्र बोलायलाच हवं. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारी जी जंतुनाशकं असतात, फिनॉलवाली, ती मांजराला विषारी आहेत. मांजराच्या लिव्हरमध्ये अशी रसायनं पचवून बाहेर टाकणारी यंत्रणा फारच दुबळी असते, फरशीवरून पाय ओले होतात, मग ते पाय चाटतं, आणि ते सगळं पोटात. म्हणजे व्हायरस मारायला गेलो आणि मांजरच आजारी. तेव्हा फिनाईल बंद, आणि टी ट्री ऑइल वगैरे सुगंधी तेलं टाकून पुसणंही बंद.

पार्वो मारायला जुनं आणि खात्रीचं औषध म्हणजे ब्लीच, साधं, बिनसुगंधी, ५ ते ६ टक्क्यांचं. १ भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, म्हणजे एक लिटरला साधारण ३० मिली. पण नुसतं फिरवून चालत नाही. आधी साबणाच्या पाण्याने जागा धुवायची, कारण घाण असली की ब्लीच त्या घाणीवरच खर्च होतं, मग ब्लीचचं पाणी लावून ती जागा १० मिनिटं ओली राहू द्यायची, मग स्वच्छ पाण्याने पुसून वाळवायची. पाणी रोज ताजं बनवा, कालचं उरलेलं कुचकामी होतं. खिडक्या उघड्या ठेवा. आणि लघवीच्या जागेवर थेट ब्लीच कधीच ओतू नका, ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरबरोबर तर अजिबात नाही, त्यातून विषारी गॅस होतो. तुमच्या व्हेटकडे पेरॉक्सीमोनोसल्फेटची पावडर किंवा ॲक्सिलरेटेड हायड्रोजन पेरॉक्साइडवालं जंतुनाशक असेल तर फरशी, पिंजरे, कॅरियरसाठी तेही चांगलं, वास कमी येतो. लिटर बॉक्स, त्याचा स्कूप, खरवडायचा खांब, दोरीची खेळणी, हे मात्र सरळ टाकून द्या, चार पैसे वाचवायची ही जागा नाही.

सोफा आणि गालिचाचं उत्तर असं की त्यांना शंभर टक्के स्वच्छ करता येत नाही. स्टीम क्लीनिंग करा, कव्हर्स धुवा, गालिचा काही महिने बाहेर उन्हात टाकता आला तर टाका. पण मी या भरवशावर लस न झालेलं पिल्लू तुमच्या घरात आणा म्हणणार नाही, दोन महिन्यांनी नाही आणि सहा महिन्यांनीही नाही. त्यापेक्षा दुसरी वाट आहे. पिल्लूच आणायचं असेल तर जिथून आणणार तिथेच त्याचे डोस पूर्ण होऊ द्या, १६ आठवड्यांचा डोस झाल्यावर दोन आठवडे थांबा आणि मग आणा. किंवा एखादं मोठं, लस झालेलं मांजर आणा, दोन-तीन वर्षांचं. त्यांना घर मिळायला किती जड जातं हे तुम्हाला सांगायला नको, सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. मुलीला घेऊन जा, तिला निवडू दे.

प्रश्न: मला ताप-खोकला झालाय, बहुतेक फ्लू. आमची भाटी माझ्याच उशीवर झोपते. तिला होईल का? आणि तिला शिंका आल्या तर माझीच गोळी अर्धी करून देऊ का?

उत्तर: गोळीचं आधी. नको! तापाला आपण घेतो ती पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, अर्धी काय आणि पाव काय. रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबतं, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि फार वेळ हातात राहत नाही. चुकून दिलीच गेली तर लक्षणांची वाट न बघता लगेच व्हेट गाठायचा.

आता फ्लू. साधी सर्दी माणसाकडून मांजराला होत नाही, पण इन्फ्लूएंझा आणि कोविड होऊ शकतात. २००९ मध्ये एच१एन१ची साथ होती तेव्हा अमेरिकेत आयोवामधल्या एका घरात आजारी माणसांकडून त्यांच्या १३ वर्षांच्या मांजराला लागण झाल्याचं सिद्ध झालं होतं, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला कोविड निघाला तेव्हा तर जगभर बातमी झाली. मांजरं बहुतेक बरी होतात, पण म्हणून मुद्दाम कशाला द्यायचा. चार-पाच दिवस तिला दुसऱ्या कोणाकडे झोपू द्या, घरी दुसरं कोणी नसेल तर खायला देताना मास्क लावा आणि हात धुवा, पापे घेणं बंद, तुमच्या ताटातला उष्टा घास बंद. ती दाराशी ओरडेल, तुम्हाला शिव्या घालेल, घालू द्या. मास्क तुम्ही लावायचा, तिला नाही, हे लिहावं लागतंय कारण तसे फोटो मी पाहिलेत.

यातच एक भर घालते. बर्ड फ्लूचा एच५एन१ मांजरांना फार वाईट धरतो. २०२३ मध्ये पोलंडमध्ये बरीच मांजरं त्याने गेली, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या गोठ्यांमध्ये आजारी गायींचं कच्चं दूध प्यालेली मांजरं गेली. घरात कोणी पोल्ट्रीत किंवा गोठ्यात काम करत असेल तर कामाचे कपडे आणि गमबूट तिथेच ठेवून यायचे, आणि मांजराला कच्चं दूध किंवा कच्चं चिकन द्यायचं नाही. ‘नैसर्गिक आहार’ म्हणून कच्चं मांस घालणाऱ्यांची पत्रं येणार हे माहितीये, येऊ देत.

प्रश्न: मी नववीत आहे. मैत्रिणीच्या मांजराच्या पिल्लांशी खेळले आणि आता हातावर गोल लाल चट्टा आलाय, खाजतो. आई म्हणते हे मांजरामुळे झालंय, आपला टायगर पण देऊन टाकूया. टायगरला काही नाही झालेलं. प्लीज आईला सांगा ना.

उत्तर: आईला हे पान वाचायला दे, पण आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जा. वर्णन तरी गजकर्णासारखं वाटतंय, म्हणजे नायटा. घरातली कुठलीतरी लाल-पांढरी ट्यूब लावत बसू नकोस, त्यात स्टेरॉइड असलं तर खाज थांबते आणि नायटा आतून आणखी पसरतो.

मांजराकडून येतो तो नायटा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीचा असतो आणि तो उलटाही जातो बरं का, म्हणजे आता टायगरने तुला दिला की नाही हा प्रश्नच नाही, तू टायगरला द्यायची नाहीस हा प्रश्न आहे! चट्टा झाकून ठेव, फुल बाह्यांचं घाल, डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला कुशीत घेऊन झोपू नकोस. त्या दिवशी जे कपडे घातले होतेस ते दोनदा धू, मशीन गच्च न भरता, कारण केस आणि बीजाणू पाण्यात फिरून निघून जायला जागा लागते. खरा उपद्रव तुटलेल्या केसांचा आहे. त्यावरचे बीजाणू दीड वर्षापर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून बॅग, स्वेटर, मैत्रिणीकडून आणलेलं खेळणं, सगळ्यावरचे केस काढून टाक.

टायगरलाही एकदा व्हेटकडे दाखवा, कारण काही मांजरं, लांब केसांची तर जास्तच, अंगावर एकही चट्टा न दिसता बुरशी घेऊन फिरतात. व्हेट अंधारात जांभळा दिवा धरून बघतील, काही केस हिरवे चमकले तर संशय पक्का, मग कल्चर, म्हणजे केसांवरची बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं. रिपोर्टला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, घाई करू नका. निघालं तरी हा बरा होणारा आजार आहे, घरातून काढून टाकण्याचा नाही. काकू, हे तुम्हाला. आणि मैत्रिणीला फोन करून सांग, तिची पिल्लंही तपासायला हवीत, रागावेल थोडी, पण सांग.

प्रश्न: दहा दिवसांपूर्वी दुसरं मांजर आणलं, दिसायला एकदम ठणठणीत. आता ते बरंय पण आमचं जुनं, पाच वर्षांचं, शिंकतंय आणि एक डोळा गळतोय. नव्याने आजार आणला ना? परत करावं का?
(दोन मांजरांचा बाप)

उत्तर: आणला असेलही, पण कदाचित तो तुमच्या जुन्याच्याच अंगात पाच वर्षं झोपलेला असेल.

मांजरांचा हर्पीस व्हायरस एकदा शिरला की आयुष्यभर मज्जातंतूंमध्ये दडून बसतो. घर बदललं, बोर्डिंगला ठेवलं, नवीन मांजर आलं, की ताण येतो आणि साधारण आठवड्याभराने तो डोकं वर काढतो, एक-दोन आठवडे शिंका, डोळे गळणं, मग परत शांत. तुमचे दहा दिवस त्यात अगदी चपखल बसतात. दुसरा संशयित कॅलिसीव्हायरस, त्यात जिभेवर फोड येतात, लाळ गळते, कधी मांजर लंगडतंसुद्धा, आणि वरून धडधाकट दिसणारी मांजरं तो महिनोन्‌महिने पसरवत राहतात. हर्पीस बाहेर ओलसर जागी फार तर १८ तास टिकतो, कॅलिसी मात्र सुक्या जागेवर महिनाभरही. या दोघांच्या लसी आजार सौम्य करतात, पूर्ण अडवत नाहीत, त्यामुळे ‘लस तर झाली होती’ म्हणून चक्रावून जाऊ नका.

परत वगैरे करू नका. दोघांना आता वेगळं ठेवा आणि जुन्याला व्हेटकडे न्या. डोळा अर्धवट मिटत असेल किंवा खाणं बंद असेल तर आजच, हर्पीसने बुबुळावर जखम होते. आणि घरात आधीच कोणाकडे स्टेरॉइडचे डोळ्यांचे ड्रॉप्स पडले असतील तर ते घालू नका.

जे दहा दिवसांपूर्वी व्हायला हवं होतं ते पुढच्यासाठी सांगते, कारण दुसरं आलं की तिसरं येतंच. नव्याला निदान १४ दिवस स्वतंत्र खोली, कारण पॅनल्यूकोसकट बहुतेक आजार तेवढ्यात दिसून येतात. त्याची भांडी, लिटर बॉक्स, अंथरूण, स्कूप वेगळा. रोज आधी जुन्याचं सगळं उरकायचं आणि मग नव्याच्या खोलीत जायचं, उलटं नाही. त्या खोलीत एक जुना शर्ट आणि एक चपलांचा जोड दाराच्या आतच ठेवायचा, निघताना तिथेच काढायचा, हात धुवायचे. ल्यूकेमिया आणि एफआयव्हीची टेस्ट करायची, आणि साधारण दोन महिन्यांनी परत, कारण ताजी लागण पहिल्या टेस्टमध्ये सुटू शकते. चौदा दिवस दाराखालून पंजे मारामारी करत राहतील, तेवढी ओळखही होते.

प्रश्न: शेजारच्या कुत्र्याच्या पिल्लाला पार्वो झालाय. आमचा कुत्रा रोज त्याच जिन्यावरून फिरायला जातो. मांजराला धोका आहे का? शिवाय कुत्र्याला पिसवा झाल्यात, त्याचंच औषध मांजराला लावलं तर चालेल ना, थोडं कमी?

उत्तर: पार्वोचा इतिहास मजेदार आहे. कुत्र्यांचा पार्वो १९७८ च्या सुमारास अचानक जगभर दिसायला लागला आणि तो मांजरांच्या पॅनल्यूकोसारख्याच व्हायरसपासून आला असं मानतात. पहिला प्रकार मांजराला होत नव्हता, पण नंतर आलेले २ए, २बी, २सी हे प्रकार मांजरालाही होऊ शकतात. पॅनल्यूकोची लस झालेली असेल तर मांजर बऱ्यापैकी सुरक्षित आहे. तुमच्या कुत्र्याचीही लस बघा, काही दिवस तो जिना टाळा, आल्यावर त्याचे पाय साबणाने धुवा, तुमच्या चपला बाहेर.

पिसवांच्या औषधाचं उत्तर एकदम कडक, नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला थरथर सुटते, झटके येतात, जीव जातो. कमी लावून काही कमी होत नाही. कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. मांजराला मांजराचंच औषध, वजनाप्रमाणे, आणि ते सगळ्या मांजरांना एकाच वेळी. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे हिमनगाचं टोक, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळे गादीत, फटीत, सोफ्यात, आणि कोष महिनोन्‌महिने थांबून राहतात, पावलांची हालचाल आणि ऊब जाणवली की फुटतात. म्हणून व्हॅक्यूम रोज, अंथरुणं गरम पाण्यात, आणि औषध दोन-तीन महिने न चुकता. मांजराने पिसू गिळली की टेपवर्म होतो, विष्ठेत भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर जंताचं औषधही लागेल.

प्रश्न: मागच्या अंकातलं वाचल्यापासून मी ऑफिसमधून आले की आंघोळ करते, पर्स, मोबाइल, चावी सगळं पुसते, आणि आमची सोनू गॅलरीत जाऊन आली की तिचे पंजे अँटिसेप्टिक वाइप्सने पुसते. तिला हल्ली लाळ गळते आणि खाताना त्रास होतो. कुठला व्हायरस आला असेल?

उत्तर: कदाचित कुठलाच नाही, ते वाइप्स असतील. अशा बऱ्याच वाइप्समध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, सोनू पंजे चाटते आणि तोंडात, जिभेवर फोड येतात. आजच बंद करा, पंजे साध्या ओल्या कपड्याने पुसा किंवा पुसूच नका. उद्या व्हेटकडे नेऊन तोंड दाखवा, कॅलिसीचे फोडही असेच दिसतात, त्यामुळे पाकीट बरोबर घेऊन जा म्हणजे त्यांना अंदाज येईल.

आणि बाई, तुम्ही ऑफिसातून येताय, आजारी मांजरांच्या वॉर्डातून नाही! चपला दाराशी काढा, हात धुवा, संपलं. आंघोळीची हौस असेल तर करा, सोनूच्या नावावर टाकू नका. मांजरं हाताळून आला असाल त्या दिवशी कपडे बदला. बाकी पर्स, मोबाइल पुसण्यात जो वेळ जातोय तो एकदाच घालवून सोनूचं लसीचं कार्ड शोधा आणि शेवटच्या बूस्टरची तारीख बघा. तुमच्या चार पानी पत्रात ती कुठेच नाही.